आपल्या अभिप्रायास उत्तर : इब्न तुलून मशीद आणि ती 20 मिनिटे

आदरणीय महोदय,

सप्रेम नमस्कार. आमच्या इजिप्त सहलीविषयी आपण लिहिलेला अभिप्राय वाचला. कैरोतील इब्न तुलून मशीद आम्ही 20 मिनिटांत उरकली, तिथे रिकाम्या अंगणाशिवाय पाहण्यासारखे काही नव्हते आणि आपल्या विजापूरच्या गोलघुमटापुढे ती काहीच नाही, असे आपण लिहिले आहे आणि एकच तारा दिला आहे. आपला हिरमोड झाला याबद्दल आम्ही मनापासून दिलगीर आहोत.

मात्र त्या 20 मिनिटांचा हिशेब मांडणे आम्हाला भाग आहे. कार्यक्रमपत्रिकेत या मशिदीसाठी दीड तास राखलेला होता. तो शुक्रवार होता आणि दुपारच्या नमाजापूर्वी पर्यटकांना बाहेर पडावे लागेल, हे आदल्या रात्री जेवणाच्या टेबलावर दोनदा सांगितले होते. बस 8.30 ऐवजी 8.55 ला निघाली. त्याचे कारण येथे लिहीत नाही. त्यानंतर वाटेत पपायरसच्या चित्रांच्या दुकानात थांबण्याचा आग्रह आपलाच होता आणि 15 मिनिटांसाठी घेतलेला तो थांबा, दोन चित्रांच्या भावावरून, 70 मिनिटांचा झाला. उरलेले 27 प्रवासी तोवर बसमध्ये बसून होते. आम्ही 10.55 ला पोहोचलो आणि 11.15 ला तेथील सेवकांनी बाहेर जाण्याची विनंती केली. यात आमची चूक एवढीच, की सहलप्रमुखाने आपल्याला दुकानातून उठवायला हवे होते. ग्राहकाला दुखवू नये म्हणून तो गप्प राहिला.

अंगण रिकामे आहे हे खरे आहे, पण ते तसेच बांधलेले आहे. अब्बासी खलिफांचा इजिप्तमधील सुभेदार अहमद इब्न तुलून याने ही मशीद बांधवली आणि ती 879 मध्ये पूर्ण झाली. तो इराकमधील सामर्रा येथे वाढला होता आणि तिथली बांधणीची रीत त्याने नाईलकाठी आणली : दगडी खांबांऐवजी विटांचे जाड चौकोनी स्तंभ, त्यांच्या कोपऱ्यांत विटांचेच अर्धस्तंभ आणि वर गिलाव्यात कोरलेली नक्षी. टोकदार कमानींची ती रांग युरोपातील गॉथिक चर्चच्या अडीचशे वर्षे आधीची आहे. खिडक्यांच्या गिलाव्याच्या जाळ्या पाहायला मान वर करून सावकाश चालावे लागते. किब्ल्याच्या, म्हणजे मक्केच्या दिशेच्या, बाजूला तर कमानींच्या एकामागे एक पाच ओळी आहेत. बाहेरून जिना फिरत गेलेला मिनार आणि अंगणाच्या मध्यावरील घुमट नंतरचे, 1296 च्या सुमारास सुलतान लाजीनने केलेल्या दुरुस्तीच्या वेळचे मानले जातात. इब्न तुलूनने वसवलेले अल-कताई हे शहर 905 मध्ये पाडले गेले, त्यातून ही मशीद तेवढी वाचली. ‘रिकामे अंगण’ हे शब्द आम्हाला लागले ते यासाठी. गोलघुमट आम्हालाही प्रिय आहे, शाळेच्या सहलीत आम्हीही तिथे हाका मारून आलो आहोत. पण तो या मशिदीहून जवळजवळ पावणेआठशे वर्षांनी धाकटा आहे आणि मुळात ती मशीद नव्हे, कबर आहे.

बुटांवर चढवायच्या पिशव्यांसाठी सेवकाला द्यावी लागलेली बक्षिसी आपल्या खिशातून गेली, ही तक्रार रास्त आहे. ती रक्कम आम्ही परत करू.

गेली 11 वर्षे आम्ही पती-पत्नी आणि दोन सहकारी मिळून हा व्यवसाय चालवतो. आपला अभिप्राय वाचून पुढच्या सहलीतील एका कुटुंबाने काल नोंदणी रद्द केली, हे आपल्याला कळावे म्हणून लिहिले. दोष देण्यासाठी नव्हे. यापुढे ही मशीद शुक्रवारी ठेवणार नाही आणि वाटेतल्या दुकानांच्या थांब्यांबाबतही काहीतरी नियम करण्याचा विचार चालू आहे.

आपला नम्र,
सहल-संचालक