सरकारी शाळेतली पोरं सत्ताधाऱ्यांची होतात?

बडोद्यातल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘सरकारी शाळेत पोरं नाही, सत्ताधारी पक्षाचे मतदार तयार होतात. सयाजीरावांच्या काळी असं नव्हतं. मुलांना खासगी शाळेत घाला, तिथं राजकारण नाही.’ दांडिया बाजारापासून मांजलपूरपर्यंत सगळे तो पुढे पाठवताहेत, म्हणून हे लिहितोय.

मतदार तयार होतात? गुजरातचाच इतिहास बघा. 1960 साली राज्य झालं तेव्हा सत्ता काँग्रेसची होती. त्या काळात शाळा शिकलेली पोरंच डिसेंबर 1973 मध्ये अहमदाबादच्या एल. डी. इंजिनिअरिंग कॉलेजात मेसच्या वाढीव बिलावरून उठली. त्याचं नवनिर्माण आंदोलन झालं आणि 9 फेब्रुवारी 1974 ला काँग्रेसच्याच चिमणभाई पटेलांना मुख्यमंत्रिपद सोडावं लागलं. 2015 च्या पाटीदार समाजाच्या आरक्षण आंदोलनातले कितीतरी तरुण भाजपच्या राजवटीत शिकलेले. दोनच वर्षांनी भाजप 182 पैकी 99 जागांवर घसरला. फी आणि नोकरी यांपुढे शाळेतलं भाषण टिकत नाही.

पुस्तकांचा परिणाम होतच नाही, असं मात्र नाही. चीनमध्ये 2004 पासून अभ्यासक्रम बदलला, तेव्हा नव्या पुस्तकांवर शिकलेल्यांची सरकारबद्दलची मतं बदलल्याचं संशोधकांना आढळलं. पण मग खासगी शाळेनं काय साधणार? गुजरात बोर्डाच्या खासगी शाळेतही सरकारी पाठ्यपुस्तक मंडळाचीच पुस्तकं असतात.

सयाजीरावांनी 1906 मध्ये राज्यभर सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण आणलं, त्याचा अभिमान आहेच. पण तिथं हुकूम महाराजांचा होता, मतपेटीतून सरकार बदलत नव्हतं. ती तुलना इथं लागू नाही.

पक्षाचा हात शाळेत आहेच. पालिकेच्या शाळा चालवणाऱ्या नगर प्राथमिक शिक्षण समितीवर नगरसेवकांच्या मतांनी माणसं निवडून जातात, म्हणजे पालिकेत ज्याचं बहुमत त्याचंच तिथं चालतं. मला जास्त संताप येतो तो शिक्षकांचा वेळ खाल्ला जातो त्याचा. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम 27 जनगणना, आपत्ती आणि निवडणुका सोडून दुसऱ्या बिगरशैक्षणिक कामाला शिक्षक लावू देत नाही. पुढाऱ्याच्या सभेला गर्दी करणं त्यात बसत नाही.

हे विचारण्याचा अधिकार पालकांना त्याच कायद्यानं दिलाय. कलम 21 प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, आणि एकूण सदस्यांत निम्म्या बायका. विनाअनुदानित खासगी शाळेला ही समिती लागू नाही. आपण मुलं काढून घेतली की त्या जागांवर दुसऱ्या कुणाचीतरी माणसं बसतील. ज्यांची मुलं पालिकेच्या मराठी शाळेत आहेत त्यांनी मुख्याध्यापकांना समितीची पुढची बैठक कधी ते विचारावं, आणि वर्षभरात शिक्षक किती दिवस वर्गाबाहेर होते, कशासाठी, याचा हिशेब तिथं मागावा.