‘ताईसाहेब’ आणि रक्तवाढीच्या गोळ्या

‘एक वाचक’ यांस,

दादा म्हणू की ताई, कळायला मार्ग नाही. नाव लिहायची तसदी तुम्ही घेतलेली नाही. गरोदरपणी घ्यायच्या लोहाच्या गोळ्यांवर मी लेख लिहिला, त्यावर मला मात्र ‘ताईसाहेब, पाककृती लिहा, डॉक्टरकी नको’ असं ऐकवलंत. मत वेगळं असू शकतं, पण हा सूर कशासाठी? समोरासमोर बोलला असतात का असं?

आधी तुमचं बरोबर आहे ते. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी यांत मी 1 तासाचं अंतर लिहिलं होतं, ते 2 तासांचं हवं. चूक माझी.

आता तुमचं ते वाक्य : ‘आमच्या आज्यांनी एक गोळी न घेता बीट-खजूर खाऊन आठ-आठ बाळंतपणं काढली.’ माझ्याही आजीची आठ झाली. हाती लागली पाच. शेवटच्या खेपेला ती दोन महिने खाटेवरून उठली नाही. पाय सुजलेले, ओठ पांढरेफटक. आई तेव्हा नऊ वर्षांची. चुलीपुढे बसून भाकऱ्या तीच थापायची. काढली हो आजीने बाळंतपणं. कशी काढली, हे विचारायला तुम्ही तुमच्या आजीपाशी कधी बसलात का?

आणि बीट! 100 ग्रॅम बिटात 1 मिलिग्रॅमही लोह नसतं. सरकारी लाल गोळीत 60 असतं. रंगाने रक्त वाढत असतं तर कुंकू खाल्लं असतं. पाचव्या महिन्यात माझं हिमोग्लोबिन 8.4 होतं (गरोदरपणी 11च्या खाली म्हणजे कमीच). सासूबाईंनी महिनाभर प्रेमाने बिटाची कोशिंबीर वाढली. आकडा 8.2. मग डॉक्टरांनी रोजच्या दोन गोळ्या केल्या. चौथ्या दिवशी संडासला काळं झालं, तर मी घाबरून पहाटे नवऱ्याला उठवलं. आशाताई हसल्या. ‘गोळीचाच रंग आहे तो. लिंबूपाण्याबरोबर घे, आणि वर लगेच चहा ढोसू नकोस.’ खरं सांगते, गोळीपेक्षा चहा जड गेला. आठवा संपताना 10.9. बाळंतपणात माझं बरंच रक्त गेलं, तेव्हा बीट नाही आलं मदतीला.

थॅलेसेमिया, सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारांची तपासणी गोळ्यांआधी करावी, यावर तुम्ही चांगल्या सात ओळी लिहिल्यात. असेल. ज्याचं त्याने डॉक्टरांना विचारावं, माझा लेख त्यावर नव्हता. गोळीने मळमळतं म्हणालात, त्याचंही तेच. ‘कंपन्यांचा धंदा’ म्हणाल तर सरकारी दवाखान्यात या गोळ्या फुकट मिळतात, 180 दिवस. जाऊन बघा एकदा.

1 तासाची ओळ आज दुरुस्त केली आहे. तुमचं ‘ताईसाहेब’ मात्र आहे तसंच ठेवते. वाचणाऱ्यांना दिसू दे.