कोण चालवतंय हा कोड, एवढंच सांगा ना

डोकं उठलंय नुसतं. पायथनमध्ये असिंक-अवेट (फंक्शन मधेच थांबवून दुसऱ्याला चालू द्यायची सोय) आलं 3.5 ला, म्हणजे 2015 साली, आणि अजूनही चालू फंक्शनला "बाबा तुला चालवतंय कोण, असिंकआयओ की ट्रायो" (असली फंक्शन्स चालवणाऱ्या दोन लायब्ररी) हे विचारायची सरळ सोय भाषेत नाहीये!! कोरूटीन, म्हणजे असलं मधेच थांबणारं फंक्शन, आपली यील्ड करून, ताबा वर सोडून मोकळी, वर कोण बसलंय याचा तिला पत्ताच नसतो. मग काय, स्निफिओ, कोण चालवतंय ते ओळखून सांगणारी लायब्ररी. नावातच हुंगणं आहे, त्यावरून काय ते समजा.

परवा काय झालं, माझ्या छोट्याशा लायब्ररीत एक लॉक (एका वेळी एकालाच आत सोडणारा) बनवायचा होता, स्निफिओला विचारून असिंकआयओ असेल तर त्याचा, ट्रायो असेल तर त्याचा, बास. टेस्ट सगळ्या हिरव्यागार. आणि एकाने तो बनवला टास्कच्या (लूपवर चालायला लावलेल्या कोरूटीनच्या) डन-कॉलबॅकमधून, म्हणजे टास्क संपल्यावर चालणाऱ्या फंक्शनमधून, तर धाडकन एरर, "अननोन असिंक लायब्ररी, ऑर नॉट इन असिंक कॉन्टेक्स्ट". अरे नॉट इन कसं? लूप, म्हणजे असिंकआयओचं सगळ्यांना आळीपाळीने चालवणारं इंजिन, चालूय की ढळढळीत! तिथेच प्रिंट टाकला तर गेट-रनिंग-लूप व्यवस्थित लूप देतोय आणि करंट-टास्क म्हणतोय नन, म्हणजे काहीच नाही. कारण कॉलबॅक लूप स्वतःच चालवतो, तिथे टास्क-बिस्क काही नसतो, आणि स्निफिओ असिंकआयओला ओळखतो तेच मुळी करंट-टास्क आहे का ते बघून. एवढं कळायला माझे दोन तास गेले.

म्हटलं मरू दे, आपणच गेट-रनिंग-लूपला विचारू. तर ट्रायोचा गेस्ट मोड आडवा आला! त्यात ट्रायो असिंकआयओच्या लूपवर बिऱ्हाड थाटतो, थ्रेड तोच, म्हणजे लूप तर सापडणारच आणि मी ट्रायोवाल्याला असिंकआयओचा लॉक देऊन मोकळा. म्हणजे आधी ट्रायोला विचारा, मग टास्क बघा, मग लूप बघा... आणि नेटवरच्या जुन्या उत्तरांतला तो गेट-इव्हेंट-लूप तर विचारूच नका, कित्येक वर्षं "लूप आहे का" विचारलं की मेन थ्रेडमध्ये नवाच बनवून हातात द्यायचा.

एनीआयओ वापर म्हणे, दोन्हींवर चालणारी लायब्ररी. अरे एका लॉकसाठी??

शेवटी वैतागून बॅकएंड नावाचा पॅरामीटर टाकला, तूच सांग बाबा कोण चालवतंय ते. आज सकाळी पहिला इश्यू आलाय, "हे आपोआप ओळखत का नाही?"