प्रतिक्रियेला उत्तर: रिकामा चौकोन म्हणजे ओसाड डोंगर नाही

दादा, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं की मी सह्याद्रीचे चौकोन पाडून, जिथे रानझाडांच्या प्रजाती जास्त तिथे लाल रंग, असा हॉटस्पॉटचा जो नकाशा टाकला तो झाडांचा नाहीच, मुंबई-पुण्याची माणसं गाडीने जिथे पोचतात त्या जागांचा आहे, आणि असले नकाशे दाखवून उद्या कोणी म्हणेल की लाल चौकोन तेवढे राखा, बाकीचा डोंगर खाणीला द्या.

पहिला मुद्दा पूर्ण मान्य. महाबळेश्वर, माथेरान, खंडाळा इथे नोंदींचा ढीग आहे आणि त्याचं कारण जुनं आहे, महाबळेश्वर मुंबई इलाख्याची उन्हाळी राजधानी, साहेब लोक तिकडे जाणार आणि तिथलीच झाडं वाळवून कागदाला चिकटवणार. ब्राझीलच्या ॲमेझॉनबद्दल तर १९९० सालीच दाखवून दिलंय की ज्यांना प्रदेशनिष्ठ (म्हणजे फक्त त्याच भागात उगवणाऱ्या) झाडांची केंद्रं म्हणत होते तिथे मुळात नमुनेच जास्त गोळा झाले होते. हे मला माहीत होतं, तरी मी नुसत्या प्रजाती मोजून रंग भरले, ही माझी चूकच. आता प्रत्येक चौकोनातून सारख्याच, समजा ५० नोंदी, चिठ्ठ्या टाकल्यासारख्या उचलून त्यात किती प्रजाती निघतात ते बघतोय, आणि जिथे ५० नोंदीच नाहीत तो चौकोन फिकट न ठेवता त्यावर रेघा मारून 'कोणी बघितलं नाही' असं लिहितोय.

पण नुसता आकडा मोठा म्हणजे जागा महत्त्वाची असंही नसतं. शिंदळ माकुडी घ्या, शिवनेरी, वज्रगड अशा मोजक्याच ठिकाणी कड्याच्या कपारीत लोंबणारं मांसल पानांचं झुडूप, तांबूस चांदणीसारखं फूल. त्या चौकोनात एकूण झाडं कमी असली तर तो यादीत खाली जातो. म्हणून प्रत्येक झाडाचा एकच मार्क, ते झाड जितक्या चौकोनांत सापडतं तितक्यांत वाटायचा, शंभर चौकोनांत असेल तर प्रत्येकाला शंभरावा हिस्सा, दोनच असतील तर अर्धा-अर्धा. आणि कड्याची अजून एक गोची आहे जी मला फार छळते, वरून काढलेल्या नकाशात तीनशे मीटरचा उभा कडा नुसती एक रेघ होतो, त्याचं क्षेत्रफळ जवळजवळ शून्य, आणि आपली दुर्मिळ झाडं नेमकी तिथेच टिकलीत कारण गुरं आणि वणवा तिथे पोचत नाही.

खाणीच्या मुद्द्यावर मात्र मी तुमच्याशी सहमत नाही. तुमची भीती खोटी नाही, २०१२ ला पश्चिम घाटातल्या ३९ जागा जागतिक वारसा झाल्या त्यात महाराष्ट्रातल्या चार, कास, कोयना, चांदोली, राधानगरी, म्हणजे सगळ्या दक्षिणेकडच्या, तुमच्या अकोले-जुन्नरकडची एकही नाही. पण नकाशा पुसून काय मिळणार? सरकारी कागदात सडे, म्हणजे डोंगरमाथ्यावरची सपाट कातळपठारं, 'पडीक जमीन' म्हणून लागतात, तिथे पावसाळ्यात काय उगवतं हे कुठेच लिहिलेलं नसेल तर हरकत घ्यायला हातात काय उरतं. आणि हॉटस्पॉट ही कल्पना १९८८ मध्ये ब्रिटिश पर्यावरणशास्त्रज्ञ नॉर्मन मायर्सने मांडली, पुढे तिची अटच अशी ठरली की किमान १५०० प्रदेशनिष्ठ झाडं हवीत आणि किमान ७० टक्के मूळ झाडोरा गेलेला हवा. म्हणजे तो शब्द घाई करा असं सांगतो, बाकीचं सोडा असं नाही.

नेमकी जागा मी देणार नाही, मोठा चौकोनच ठेवणार, झाडं उपटून नेतात लोक. तुम्ही लिहिलंय की गावामागच्या कड्यावर ऑगस्टमध्ये कंदीलपुष्प बघितलंय. फोटो असेल तर मेसेजमध्ये पाठवा, इथे टाकू नका. तो चौकोन माझ्याकडे सध्या पूर्ण कोरा आहे.