पार्सलवर नाव माझं होतं

आज दुपारी कुरियरचा मेसेज आला की ग्राहकाने पार्सल घ्यायला नकार दिला. आईसाठी बीपीचं मशीन मागवलं होतं, पैसे आधीच भरलेले, डॉक्टरांनी रोज सकाळी बघायला सांगितलंय म्हणून घाईघाईने मागवलेलं. अमळनेरला फोन लावला तर आई एकदम शांतपणे म्हणते, "तुनं नाव व्हतं वं त्यावर, म्हनीसनच परत धाडं."

लेकीचं नाव बघून आईने पार्सल परत पाठवलं! आणि मला तिला काही बोलताच येईना.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आखाजीच्या (म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या) आधी आईकडे एक पार्सल आलं होतं, कॅश ऑन डिलिव्हरी, ८९९ रुपये. नाव माझं, पत्ता आईचा. आईला वाटलं लेक आखाजीला येणार आहे तर तिने आधीच काहीतरी पाठवलं असेल, पैसे द्यायचे राहिले असतील. कुरडया-पापडाच्या सामानासाठी डब्यात ठेवलेले पैसे काढून दिले. आत निघाली एक पर्स, रेक्झिनची, चेन अर्ध्यात अडकणारी, ज्याला बाजारात कोणी शंभर रुपये देणार नाही. मी आखाजीला गेले तेव्हा तिने ती कपाटातून काढून दाखवली, रुमालात गुंडाळून ठेवली होती, म्हणे गल्लीतल्या सगळ्या बायांना दाखवली, लेकीने धाडली म्हणून. मी म्हटलं आई, मी काही पाठवलं नाही. तिचा चेहरा जो उतरला ना. "नाव तं तुनंच व्हतं," एवढंच म्हणत राहिली.

आता गंमत ऐका, गंमत कसली डोंबलाची, पण माझं डोकं अजून तिथेच अडकलंय. त्या लेबलवर माझं माहेरचं नाव होतं. लग्नानंतर माझं सगळं सासरच्या नावावर आहे, बँक, आधार, फेसबुक, सगळं. पत्ता होता "जुन्या पिंपळाजवळ", आता तो पिंपळ रस्ता रुंद केला तेव्हाच गेला, नवीन माणूस तसा पत्ता लिहूच शकत नाही. म्हणजे नाव जुनं आणि पत्ता जुना. पण मोबाईल नंबर? तो आताचा! जळगावला आल्यावर घेतलेला! हे तिन्ही मी एका ठिकाणी कुठेही, कधीही दिलेलं नाही. मग जोडलं कोणी?

मिस्टर म्हणतात वधूवर सूचक मंडळात बायोडाटा दिला होता ना, तिथून. अहो पण तेव्हा त्यावर लँडलाइन नंबर होता. भाऊ म्हणतो मतदार यादी. तिकडच्या यादीतून माझं नाव केव्हाच कमी झालं, आणि यादीत मोबाईल नंबर छापत नाहीत. आईच्या गॅसला माझा नंबर जोडलाय खरं, पण ते कनेक्शन वडिलांच्या नावावर. भाचा कॉम्प्युटरवाला आहे, तो सरळ म्हणाला, मावशी, लोकांच्या याद्या एक्सेलमध्ये विकत मिळतात, दोन-तीन ठिकाणच्या एकत्र करून कोणीतरी माल बनवतो. माल म्हणे. आम्ही माल.

सरकारच्या संचार साथी पोर्टलवर जाऊन माझ्या नावावर किती सिम आहेत तेही पाहिलं, सगळं बरोबर निघालं. म्हणजे माझं काहीही "हॅक" झालेलं नाही. आणि इथेच माझं टाळकं सरकतं, कारण जो तो मला विचारतो, ओटीपी दिला होता का? लिंकवर क्लिक केलं होतं का? एका ऑफिसात गेले तर तिथले साहेबही तेच, ओटीपी नाही, लिंक नाही, मग फ्रॉड कसा झाला मॅडम, तुम्हाला वस्तू तर मिळाली ना? मध्यंतरी तर फोन लावला की आधी ती सावध रहा, सतर्क रहाची टेप ऐकायला लागायची. कशापासून सावध राहायचं? आईने स्मार्टफोनला हात लावलेला नाही, तिला ओटीपी म्हणजे काय माहीत नाही. तिने फक्त लेकीचं नाव वाचलं आणि दार उघडलं. ही चूक आहे का?

हो, एक फोन करायला हवा होता तिने. मान्य. पण लेकीने पाठवलेल्या वस्तूचे पैसे विचारायला फोन करणारी आई मला तरी आमच्या खान्देशात दाखवा.

जुन्या लोकांना आठवत असेल, पेपरात जाहिरात बघून व्हीपीने (पोस्टमनला पैसे देऊन पार्सल सोडवायचं तसं) रेडिओ मागवायचे आणि खोक्यात वीट निघायची. पण तेव्हा निदान मागवलेलं तरी असायचं हो! हाव तरी आपली असायची. इथे आपण काही मागितलंच नाही आणि तरी आपल्याच नावाने आपल्याच दारात वसुली.

आणि तो पार्सल आणणारा पोऱ्या, त्याला मी काही म्हणणार नाही. म्हणजे आधी म्हटलं, फोनवर चांगलं झापलं, मग कळलं की त्यालाही पार्सलमागे पैसे मिळतात आणि पैसे दिल्याशिवाय खोकं उघडू द्यायची परवानगी नाही. उन्हात फिरतो बिचारा, मे महिन्यात अमळनेरला दुपारी काय ऊन असतं ते मला माहीत आहे. तर ते एक सोडा.

पण त्याच्या वरचे? आई म्हणजे आई, लेबल जपून ठेवलं होतं तिने. पाठवणाऱ्याचं नाव म्हणजे तीन इंग्रजी अक्षरं आणि पुढे एंटरप्रायझेस, नंबर बंद. कुरियर कंपनीला फोन केला तर उत्तर ठरलेलं, आम्ही फक्त पोचवतो. अरे फक्त पोचवता कसं? पैसे कोणी घेतले? आईच्या हातातून नोटा तुम्ही घेतल्या! आणि ते पैसे लगेच त्या एंटरप्रायझेसला जात नाहीत, आधी कुरियरकडे जमा होतात, हिशोब होऊन काही दिवसांनी पुढे जातात. मग तेवढ्या दिवसांत कोणी तक्रार केली तर पैसे अडवून ठेवायला काय होतं? आणि एकाच पाठवणाऱ्याची पार्सलं गावोगावी परत येत असतील तर ते तुमच्या कॉम्प्युटरला दिसत नाही? सगळं दिसतं. परत येण्याचंही भाडं मिळतं, म्हणून दिसत नाही.

रक्कम पण बघा कशी ठरवलीय. ८९९. पाच हजार असते तर आईने नक्की फोन केला असता. शंभर असते तर त्यांना परवडलं नसतं. एवढ्यासाठी कोण सायबर हेल्पलाइनच्या १९३० ला फोन लावेल, कोण पोलीस स्टेशनची पायरी चढेल, हे बरोबर मोजून ठेवलेलं आहे. मी हट्टाने सायबर पोर्टलवर तक्रार टाकली तर घरचेच हसले, पेट्रोल आणि वेळ धरला तर जास्त गेले म्हणे. असतील गेले. माझे पैसे, मी बघेन.

कायद्याचं तर विचारूच नका. आपली माहिती सांभाळायचा कायदा २०२३ साली झाला, नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडलं, आणि त्यातली मुख्य कलमं लागू व्हायला तिथून पुढे अजून दीड वर्ष. दंड २५० कोटींपर्यंत आहे, वाचून बरं वाटलं, मग कळलं तो दंड सरकारच्या तिजोरीत जाणार. आईला त्यातून एक रुपया नाही. बरं, काहीच नव्हतं त्यापेक्षा कायदा आहे हे चांगलं, एवढं म्हणते आणि गप्प बसते.

गप्प कुठली बसते. मला ते ८९९ नकोतच खरं तर. त्या मशीनचं काय ते उद्या बघू, मी स्वतः घेऊन जाते, बसने जळगावहून अमळनेर काही लांब नाही. पण यापुढे मी आईला काही पाठवलं तर आधी फोन करायचा, कोणता रंग, किती वाजता, पैसे भरलेत की नाही, सगळं सांगायचं, आणि तरी ती दारातून विचारणार, खरंच पोरीनं धाडेल शे का? माझ्या नावावर माझ्या आईच्या दारात आता शंका आहे. हे कुठल्या पोर्टलवर नोंदवायचं?

असो. अमळनेर, पारोळा, चोपडा, धरणगाव, एरंडोलकडच्या सगळ्यांना विनंती. घरी असं न मागवलेलं पार्सल आलं असेल तर लेबलवरचं पाठवणाऱ्याचं नाव आणि रक्कम कमेंटमध्ये टाका, आपला नंबर-पत्ता टाकू नका. आणि मुख्य म्हणजे नाव तुमचं कोणतं लिहिलं होतं ते बघा, माहेरचं की सासरचं, जुनं की नवं, आणि ते तुम्ही कुठे कुठे दिलं होतं. माझ्यासारखं आणखी कोणाचं माहेरचं नाव आणि नवा नंबर एकत्र निघालं तर मला मेसेज करा, मला ती यादी कुठून निघाली ते शोधायचंय. आणि "ताई सावध राहा" लिहिणाऱ्यांनी कृपया आज लिहू नका, आज माझं डोकं ठिकाणावर नाही.