पोराला मास्तर करायचाय? घ्या फुकट सल्ला

बारावीला पोराला बरे मार्क पडलेत आणि घरात भाताचे चार कुणगे सोडून दुसरं काही नाही, तर अजिबात टेन्शन घेऊ नका, सरळ डीएडला, म्हणजे मास्तरकीच्या पदविकेला घाला. दोन वर्षं तो पाठ टाचणं लिहील, रात्री दीड वाजेपर्यंत कार्डशीटवर स्केचपेनने बेडकाची पचनसंस्था रंगवील, आणि नेमका लावणीच्या दिवशी त्याचा सराव पाठ निघाला तर माणूस कमी पडला म्हणून कुरकुरायचं नाही, देश घडतोय.

मग टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा. 150 पैकी 90, आरक्षणात थोडी सूट. पास झाला म्हणून पेढे वाटले असतील तर तुम्ही फारच भोळे ओ, अजून भरतीसाठीची अभियोग्यता चाचणी आहे, ती 2017 ला झाली ती पुढची थेट 2023 ला, मधली वर्षं पोराने काय करायचं असलं विचारू नये, काजूला फवारणी असते, नाहीतर मुंबई आहेच.

पुढे शिक्षक भरतीच्या सरकारी पोर्टलवर राज्यभराची मेरिट लागते नि वाडीतल्या शाळेवर घाटावरचे गुरुजी येतात. भला माणूस असतो बिचारा, पण पहिलीच्या पोरांची मालवणी कानाला बसेपर्यंत जिल्हा बदलीचा अर्ज गेलेला असतो. त्याचं तरी काय चुकलं, त्यालाही घरदार आहे. तो गेला की जागा रिकामी, आणि डीएड झालेलं तुमचं पोर तिथनंच तीन शेतं पलीकडे भाताचे भारे बांधतंय. त्याला चुकूनही हाक मारायची नाही, तो स्थानिक आहे.

2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात लिहिलंय की ग्रामीण भागातल्या हुशार मुलांना चार वर्षांच्या बीएडला शिष्यवृत्ती आणि नंतर त्यांच्याच भागात नोकरीला प्राधान्य. खरंच लिहिलंय, शप्पथ! ते पान लॅमिनेट करून ठेवा, भर पावसात उपोषणाला बसलात तरी भिजणार नाही. त्याच धोरणात 2030 पर्यंत किमान पात्रताच चार वर्षांचं बीएड होणार असंही आहे, म्हणजे थोरल्याचं डीएडचं सर्टिफिकेट फ्रेम करा आणि धाकट्याला कामाला लावा.

चुकून नंबर लागलाच तर आधी तीन वर्षं शिक्षणसेवक, म्हणजे मानधनावरचा मास्तर, महिना 16 हजारावर. 2023 च्या आधी 6 हजार होते, तेव्हा तोंड वाकडं करू नका. 2024 ला तर कमी पटाच्या शाळांवर 15 हजारात कंत्राटी शिक्षक घ्यायचा आदेश निघाला होता, पोरं कागदपत्रं गोळा करतायत तोवर 2025 ला रद्दसुद्धा झाला. झेरॉक्स मात्र टाकू नका, पुढच्या आदेशाला लागतील, फक्त रहिवासी दाखला तेवढा नवीन काढा.