वरचा नियम जिंकला, खालचे गेले

एमकेजीमॅप म्हणजे ओपनस्ट्रीटमॅपच्या डेटावरून गार्मिन जीपीएससाठी नकाशे बनवणारं सॉफ्टवेअर. कुठली वाट नकाशावर कशी दिसेल हे त्याच्या स्टाइल फाइलमध्ये ठरतं, आणि तिथले नियम वरून खाली वाचले जातात. पहिला जुळला की खेळ खल्लास. ‘कंटिन्यू’ लिहिलं नसेल तर खालच्यांना कुणी विचारत नाही. म्हणजे वर कुठेतरी ‘हायवे=पाथ’चा, म्हणजे कुठल्याही पायवाटेचा, सरसकट नियम बसला असेल, तर खाली निगुतीने लिहिलेला अवघड घाटवाटांचा नियम गेला बाराच्या भावात. एरर? छे! नकाशा अगदी गुणी बाळासारखा तयार होतो. मग डिव्हाइसवर टाका, झूम करा, आणि बघा: कातळातली वाट बागेतल्या पायवाटेसारखी दिसतेय! त्यात रेझोल्यूशन २४, म्हणजे फक्त सगळ्यात जवळच्या झूमला दिसेल असं, दिलं असेल तर जरा झूम आउट केलं की तीही गायब. पुन्हा फाइल उघडा, पुन्हा कंपाइल, पुन्हा ती केबल शोधा. कशासाठी? एका ठिपक्यांच्या रेघेसाठी!